वावरात गोल्फ अन् वीस हजारांचं लाँच मॉनिटर, एक वर्ष वापरून

पहिलेच सांगून टाकतो, ज्याच्या घराजवळ गोल्फची रेंज, म्हणजे सरावाचं मैदान, आहे अन् चुका दाखवणारा शिकलेला माणूस आहे त्याच्यासाठी हे लिहिणं नाई. मी लिहून राह्यलो ते माझ्यासारख्यासाठी, ज्याच्याजवळ क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, बॅग आहे, खेळायची ओढ आहे, अन् मैदान म्हणजे सोयाबीन निघाल्यावर मोकळं झालेलं वावर. आमच्या भागात असे लोक बोटावर मोजण्याइतके, पण फौजेतून रिटायर होऊन गावाकडं आलेले दोन-तीन तं मलाच माहीत आहेत, त्यांच्या बॅगा माळ्यावर धूळ खात आहेत. त्यांनी त्या खाली काढाव्या असं मला मनापासून वाटते.

लाँच मॉनिटर म्हणजे मारलेल्या बॉलचा वेग सांगणारं यंत्र. माझं कोणतं, तं पीआरजीआरचं छोटं. नावाचा उच्चार जपानात प्रोगिअर असा करतात, अन् हा टायरवाल्या योकोहामा रबरचाच गोल्फचा ब्रँड आहे. तळहातावर मावते, टेबलावरच्या घड्याळासारखं दिसते. चार सेल लागतात, टीव्हीच्या रिमोटला लागते तोच बारीक सेल, गावच्या किराणा दुकानात मिळते. याला मोबाइल लागत नाई, अ‍ॅप लागत नाई, नेटवर्क लागत नाई, चार्जिंगला लावायची भानगड नाई, अन् जिथं वावरातली लाइन आठवडाभर दिवसा अन् आठवडाभर रात्री येते तिथं ही गोष्ट किती मोठी आहे ते इकडच्या माणसाला सांगायची गरज नाई.

अमेरिकेत हे साधारण २०० ते २३० डॉलरला मिळते. भाचा मागच्या दिवाळीला तिकडून आला तेव्हा घेऊन आला, मी त्याच्या हातावर वीस हजार ठेवले. त्याच्याआधी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडं तीस हजारांच्या वर पैसे भरले होते, त्यानं महिनाभर आज निघते उद्या निघते केलं अन् मग ऑर्डरच रद्द केली, पैसे वापस यायला आणखी तीन आठवडे. म्हणून सांगतो, घरचं कोणी तिकडून येणारं असन तं त्याच्याकडूनच मागवा.

आता मला हे काहून लागलं ते सांगतो, कारण त्याच्यातच सगळं आहे. नोकरीतली शेवटची काही वर्षं मी निलगिरीत वेलिंग्टनला होतो. गोल्फ तिथं लागला. बॅगा उचलणाऱ्या कॅडी पोरांनी शिकवलं, त्यांच्यासोबतच संध्याकाळी बॉल मारायचो. तिथं माझी सेव्हन आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा लोखंडी क्लब, सहज १४० यार्डाच्या वर जायची. रिटायर होऊन गावी आलो, आमचं गाव हिंगणघाटकडचं, नागपूर ऐंशी किलोमीटर, राउंड खेळायला जाणं म्हणजे अख्खा दिवस अन् गाडीचं पेट्रोल. मग वावरातच बॉल मारू लागलो. तं तीच सेव्हन आयर्न १२०-१२५ यार्डात खाली बसायची. तीन-चार वर्षं मी एकच समजून चाललो की वय झालं, अंगातली ताकद गेली. चोपन्नावं लागलं होतं, पटायलाही सोपं होतं. मग जास्त जोर लावून मारू लागलो, कंबर धरली, बॉल मात्र तिथंच.

यंत्र नीट मांडलं त्या पहिल्याच सकाळी त्यानं दाखवलं की मी चुकीच्या ठिकाणी इलाज करून राह्यलो होतो.

ते कसं, हे समजायला यंत्र काय मोजते ते थोडं समजून घ्या. हिंगणघाटच्या फलाटावर उभं राहा, न थांबणारी गाडी शिटी वाजवत आली की शिटी बारीक चढी ऐकू येते, अन् समोरून पुढं गेली की लगेच आवाज जाडा होते. गाडी जितकी वेगात तितका हा फरक मोठा. पोलिसांच्या स्पीडगनमधी हेच तत्त्व, डॉपलर म्हणतात त्याला, फक्त आवाजाच्या जागी रेडिओ लहरी. यंत्र बॉलच्या मागं ठेवायचं, ते लहरी सोडते, त्या आधी खाली येणाऱ्या क्लबवर अन् मग निघालेल्या बॉलवर आपटून वापस येतात, त्यातल्या फरकावरून दोन वेग निघतात. क्लब स्पीड अन् बॉल स्पीड. ताशी किती माइल ते पडद्यावर येते.

बॉलच्या वेगाला क्लबच्या वेगानं भागलं की स्मॅश फॅक्टर. माझ्या मतानं या यंत्राची अर्धी किंमत या एका आकड्यात आहे. क्लबमधली ताकद बॉलमधी किती उतरली ते हा आकडा सांगते. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, त्याला हा १.५० च्या आसपास गेला की त्याच्या वर फार जागा उरत नाई, कारण खेळाचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए अन् यूएसजीए या दोन संस्थांनी ड्रायव्हरच्या तोंडाच्या उसळीवरच मर्यादा घातली आहे. सेव्हन आयर्नला १.३३ च्या आसपास म्हणजे बॉल मधोमध बसला. अमेरिकेतल्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांमधल्या पुरुष खेळाडूंची ट्रॅकमॅन नावाच्या महागड्या यंत्रानं काढलेली काही वर्षांआधीची सरासरी पाहा, सेव्हन आयर्नला क्लब ९० माइल, बॉल १२० माइल, हवेतलं अंतर १७२ यार्ड. १२० ला ९० नं भागा, बरोबर १.३३.

आता माझी पहिली सकाळ. वीसेक बॉल मारले, वहीत लिहून ठेवले. क्लब ७५, बॉल ९१. स्मॅश १.२१.

मी बराच वेळ त्या १.२१ कडं पाहत बसलो. क्लब ७५ म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला काही वाईट नाई. तेवढ्याच वेगात बॉल मधोमध लागला असता तं ९८-१०० नं निघाला असता. म्हणजे ताकद होती तिथंच होती, ती बॉलपर्यंत पोचत नव्हती. पाणी कुठं मुरून राह्यलं ते तिथं कळलं. मग मी पुतणीच्या दप्तरातला खडू घेतला, ओला करून क्लबच्या तोंडावर फासला अन् पाच बॉल मारले. पाचही ठिपके टोकाकडं, मधल्या जागेपासून बोटभर बाहेर, एकावर एक जणू कोणी शिक्का मारला. जोर लावायच्या नादात मी बॉलपासून लांब उभा राहू लागलो होतो अन् खाली येताना हात अंगाकडं ओढून घेत होतो. टाचा दोन बोटं पुढं घेतल्या, एवढंच. पहिले चार-पाच दिवस एकदम विचित्र वाटलं, बॉल पायातच आल्यासारखा. जानेवारी संपता संपता वहीत सरासरी आली क्लब ७५, बॉल ९८, स्मॅश १.३१. क्लबचा वेग एक माइल वाढला नाई अन् बॉल सात माइल जास्त वेगानं निघून राह्यला. कंबरही धरत नाई आता.

राह्यलेला फरक वेलिंग्टनच्या हवेचा होता, हेही या निमित्तानं समजलं. वेलिंग्टन समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांच्या आसपास आहे, तिथं हवा विरळ, बॉलला अडवणारं कमी. त्या उंचीवर अंतर साधारण सहा-सात टक्के वाढते असं धरतात. आमचं हिंगणघाट सातशे फुटांच्या आसपास. म्हणजे तिथले १४० अन् इथले १३०-१३२ हा एकच शॉट आहे. तीन-चार वर्षं मी निलगिरीच्या हवेचा आकडा विदर्भात शोधत होतो.

मांडणीबद्दल मात्र नीट लक्ष द्या, कारण माझे पहिले दोन दिवस त्यातच वाया गेले अन् ती चूक पूर्ण माझी होती. यंत्र बॉलच्या बरोबर मागं, निशाण्याच्या रेषेत, एक ते दीड मीटरवर ठेवायचं असते. मला वाटलं बॅकस्विंगमधी, म्हणजे क्लब मागं नेताना, तो यंत्राला लागन, म्हणून मी ते हातभर बाजूला सरकवलं. आता सव्वा मीटरवर हातभर बाजूला म्हणजे झाला वीस अंशांचा तिरपा कोन, अन् रडार तिरपं पाहून राह्यलं की त्याला पूर्ण वेग दिसत नाई, वीस अंशाला सहा टक्क्यांपर्यंत कमी दिसू शकते. दहा अंशाला दीडच टक्का, म्हणून थोडं इकडंतिकडं चालते, हातभर नाई. आता मी निशाण्याच्या रेषेत सुतळी ताणतो, मागं दोन खुंट्या, यंत्र सुतळीवर. अन् बॉल जर चटईवर असन तं यंत्राखालीही तेवढीच उंची द्या, मी अर्धी वीट ठेवतो. क्लबचं नाव बदलायला विसरू नका. ड्रायव्हर लावून ठेवलेला अन् हातात सेव्हन आयर्न, असं झालं की वेग बरोबर येते पण अंतर भलतंच येते.

अंतर भलतंच काहून येते? कारण अंतर हे यंत्र मोजतच नाई. याच्याबद्दल माझं सगळ्यात ठाम मत हेच आहे, म्हणून थोडं लांबवतो. वेग मोजलेला असते, अंतर काढलेलं असते. बॉल किती कोनात उठला, किती गरगर फिरला, डावीकडं गेला का उजवीकडं, यातलं त्याला काहीच माहीत नसते. तुम्ही सांगितलेला क्लब अन् त्यानं मोजलेला वेग यावरून ते हिशोब करते की चांगला मारला असन तं एवढं जावं. जमिनीच्या कागदावर पाच एकर लिहिलेलं अन् मोजणीवाल्यानं प्रत्यक्ष मोजलेलं पाच एकर यात जे अंतर असू शकते तसं. मग मी ठरवलं की आपणच मोजणी करू.

त्याला वेळ पाह्यजे तशी आत्ता, ऑक्टोबरमधीच मिळाली. सोयाबीन निघालं, परतीचा पाऊस पडून गेला, वखर मारलं, चना पेरायला अजून दहा-बारा दिवस. वखरलेल्या ओल्या काळ्या मातीची एक मोठी सोय आहे जी कुठल्या हिरव्यागार मैदानात नाई. बॉल जिथं पडला तिथंच रुतते. एक इंचही घरंगळत नाई. वाटीएवढा खड्डा पडते, त्यात बॉल अर्धा बुडालेला, कडेला माती फेकलेली. म्हणजे हवेतलं अंतर अगदी बरोबर मोजता येते, गोल्फमधी ज्याला कॅरी म्हणतात तेच. मी विहिरीच्या पाइपलाइनसाठी घेतलेला तीस मीटरचा टेप अन् दोरी घेऊन गेलो, सालदाराला सोबत घेतलं, दर दहा मीटरला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचं निशाण रोवलं. सालदार म्हणे, भाऊ, शेजाऱ्यासंगं धुऱ्याचा काही वाद झाला काय? कारण टेप घेऊन वावरात उतरला म्हणजे आमच्याकडं एकच अर्थ निघते.

सेव्हन आयर्नचे वीस बॉल. यंत्राची सरासरी १३१ यार्ड. टेपची सरासरी ११७ मीटर, म्हणजे १२८ यार्ड. तीन यार्डाचा फरक. दोन बॉल एकदम वाईट लागले होते, ते काढले तं फरक अजून कमी. तीन यार्ड म्हणजे नऊ फूट, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल पडायच्या हिशोबात हे काहीच नाई. मी एवढा खूश झालो की सालदाराला तिथंच चहा पाजला.

मग ड्रायव्हर घेतला. क्लब ८८, बॉल १२५, स्मॅश १.४२, यंत्र म्हणे १९६ यार्ड. टेप म्हणे १६८ मीटर, म्हणजे १८४ यार्ड. अन् ते १८४ ही सरळ नाईत. माझा ड्रायव्हर खाली निघते अन् उजवीकडं वळते, स्लाइस. बॉल डाव्या धुऱ्याच्या दिशेनं निघून उजवीकडच्या शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत जाऊन पडायचा अन् यंत्र तिथं उभं राहून १९६ दाखवून राह्यलं. यंत्र खोटं बोललं असं मी म्हणत नाई. बॉल त्याच वेगानं निघाला होता. पण बारा यार्ड हवेत कुठं गेले अन् बॉल पऱ्हाटीत काहून गेला, हे सांगणं त्याच्या कामातच नाई.

अन् या दिवसांत पऱ्हाटीत बॉल जाणं काय असते ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. बोंडं फुटलेली, जिकडं पाहा तिकडं पांढरं, अन् त्यात पांढरा बॉल. डोळ्यासमोर असून दिसत नाई. मी अर्धा तास शोधून एकही मिळाला नाई. परवा वेचणी लागली तेव्हा वेचणाऱ्या बायांपैकी एकीनं ओट्यातून तीन बॉल काढून दिले, म्हणे, दादा, हे कोणतं बोंड आहे, सरकी लय टणक आहे. शेजारी चांगला माणूस आहे, काही बोलला नाई, पण माझ्या मनालाच लागलं, कारण झाडाला बॉल लागला तं फांदी मोडते अन् एका फांदीवर चार-पाच बोंडं असतात. तेव्हापासून ड्रायव्हर उलट्या बाजूनं, माझ्याच तुरीकडं तोंड करून मारतो, अन् नारिंगी रंगाचे बॉल आणले. वावरात खेळणाऱ्यानं पांढरा बॉल घेऊच नये.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. मार्चमधी चना निघाला की वावर मोकळं, पण तेव्हा काळ्या मातीला भेगा पडतात, एप्रिल-मे मधी एवढ्या की हात कोपरापर्यंत आत जाते. बॉल टप्पा खाते, घरंगळते अन् डोळ्यादेखत भेगेत उतरते. तीस-चाळीस बॉल तं नक्कीच जमिनीच्या पोटात आहेत, पहिल्या पावसानंतर नांगराला काही वर येतात. अन् अंतरही तेव्हा यंत्रापेक्षा जास्त पडते. उन्हानं हवा फुगून पातळ होते, बॉल पुढं जाते. डिसेंबरच्या पहाटेचे बारा डिग्री अन् मे मधले दुपारचे पंचेचाळीस यात ड्रायव्हरला पाच-सात यार्डाचा फरक कुठं नाई गेला. यंत्राला हवेचं तापमान माहीत नसते, त्याचा हिशोब बारा महिने एकच. मे मधी मी साडेपाचला वावरात जातो, आठच्या आत वापस. एक-दोनदा धुऱ्यावर रोह्यांचा कळप उभा होता, अशा वेळी बसून राहायचं, बॉल मारायचा नाई. यंत्र निंबाच्या सावलीत कापडी पिशवीत ठेवतो, उन्हात गाडीत कधीच सोडत नाई, पण पडदा मात्र भर उन्हात साफ दिसते, मोबाइलसारखा काळा पडत नाई.

वर्षातले बाकीचे महिने म्हणजे जून ते सप्टेंबर अन् मग चना उभा असताना, वावर आपलं नसते, पिकाचं असते. तेव्हा अंगणात जाळी. जुनं मासोळीचं जाळं दुहेरी करून टांगलं, त्याच्या मागं एक हात सोडून बारदान्याचे पडदे, खालून मोकळे, ताणलेले नाई. ताणलं की बॉल उलटा येते, मोकळं सोडलं की बॉल त्यात जीव सोडते अन् खाली पडते. जाळी बॉलपासून दहा फुटांवर. खरं सांगायचं तं हे यंत्र इथंच सगळ्यात जास्त कामाचं आहे. जाळीत मारताना बॉल कुठं गेला ते दिसतच नाई, आवाजावर अंदाज. यंत्र नव्हतं तेव्हा मी पावसाळाभर जाळीत मारायचो अन् ऑक्टोबरमधी वावरात आलो की कळायचं की चार महिने चुकीचंच घोटलं. आता दर बॉलमागं एक आकडा मिळते. ९८, ९७, ९९, अन् मग एकदम ९०, की लगेच खडू पाहायचा, ठिपका टोकाला. त्याच मिनिटाला चूक हातात. रोज चाळीस बॉल, त्याच्या वर नाई, अन् सगळं वहीत. शंभर-दोनशे मारून काही होत नाई, चाळिसाच्या पुढं माझा क्लब स्पीडच दोन-तीन माइल खाली येते ते वहीतच दिसून राह्यलं.

बॉल न मारताही नुसता क्लब फिरवून वेग पाहता येते. त्याच्यामुळं घरात काय झालं तं पोरांना तो खेळच मिळाला. संध्याकाळी गल्लीतली चार पोरं रांगेत, प्रत्येकाला तीन वेळा. पुतणी आठवीत आहे, माझा ड्रायव्हर तिच्या छातीपर्यंत येते, पहिल्या दिवशी ४८ आले. ती तोंड पाडून बसली नाई, मला म्हणे, मोठे बाबा, तुम्ही मागं हात नेता तेव्हा थांबता काहून? मी थांबतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता ती ६१ ला आहे, तिच्या मापाचा जुना क्लब मी नागपूरहून आणला, छाटून दांडी बसवून घेतली. तिची वही वेगळी, माझ्यापेक्षा स्वच्छ.

दुसरी यंत्रं पाहिली काय, तं पाहिली, भाच्याच्या मित्राकडं पुण्यात. गार्मिनचं आर१० आहे, २०२१ साली आलं, अमेरिकेत ६०० डॉलरच्या घरात. ते बॉल किती कोनात उठला, कोणत्या दिशेला गेला, स्पिन म्हणजे गरगर किती, हे सगळं मोबाइलवर दाखवते. माझ्या स्लाइसवर इलाज करायचा असता तं ते कामाचं होतं हे मान्य करतो. पण ते बॉलच्या मागं सहा ते आठ फुटांवर ठेवायचं, समोर आणखी आठ फूट बॉल उडायला जागा पाह्यजे, अन् माझ्या अंगणात जाळी लावून तेवढं उरत नाई. रॅप्सोडोचं एमएलएम२प्रो आहे, त्याच्यात कॅमेरे अन् रडार दोन्ही, पण त्याचं सगळं पाह्यजे तं वर्षाची वर्गणी अन् स्पिनसाठी खास खुणा असलेले बॉल. आता खास बॉल भेगेत टाकायला कोणाची छाती होईन? अन् टीव्हीवर जे दिसते ते डेन्मार्कचं ट्रॅकमॅन, त्याच्या किमतीत इकडं जमीन येते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, आकड्याची चटक लागते. मलाही डिसेंबरमधी लागली होती, आठ दिवस फक्त ड्रायव्हरचा बॉल स्पीड वाढवत बसलो, चिपिंग नाई, म्हणजे जवळून उचलून मारायचे छोटे शॉट, अन् पटिंग नाई, म्हणजे भोकाकडं बॉल घरंगळत ढकलणं. त्याच दिवसांत एका रविवारी नागपूरला राउंड खेळलो, बॉल लांब गेले अन् स्कोअर होता त्याच्यापेक्षा सहानं वाईट आला. टोकियो ऑलिंपिक आठवा, २०२१ मधी झालं ते. आपली अदिती अशोक चौथी आली, एका स्ट्रोकनं पदक हुकलं. ड्रायव्हरनं ती मैदानातल्या सगळ्यात कमी अंतर मारणाऱ्या मुलींमधी होती. तिनं ते सगळं पटिंगवर अन् जवळच्या शॉटवर भरून काढलं. आमच्या घरी सकाळी चारला उठून मी टीव्ही लावून बसलो होतो, त्या दिवशी गावात गोल्फ पाहणारा मी एकटाच. तर तिच्या त्या पटिंगमधलं काहीच हे यंत्र मला शिकवू शकत नाई. ५० यार्डाच्या आतले शॉट मी यंत्राशिवायच घोटतो, खळ्यात तीन टोपले ठेवतो, पंधरा, पंचवीस अन् चाळीस पावलांवर, अन् दहातले किती टोपल्यात किंवा हातभर जवळ पडले ते मोजतो. त्याची वहीसुद्धा आहे.

घ्यायचं काय विचारलं तं माझं म्हणणं असं. तुमची चूक जर बॉल वळायची असन, स्लाइस-हुक, तं थांबा, पैसे जोडा अन् दिशा दाखवणारं यंत्र घ्या. तुम्हाला फक्त बॉल नीट बसतो का नाई अन् कोणता क्लब किती जाते एवढंच पाह्यजे, अन् वर्षातले सात-आठ महिने जाळीतच मारायचं आहे, तं हे घ्या, वीस हजारात यापेक्षा जास्त उपयोगाचं मला काही दिसलं नाई. घेतल्यावर पहिलं काम म्हणजे एकदा ओल्या वावरात टेप लावून स्वतःच्या बॉलची मोजणी करा अन् यंत्राचा आकडा अन् टेपचा आकडा शेजारीशेजारी लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. माझ्या पानावर सेव्हन आयर्नसमोर वजा ३ लिहिलं आहे अन् ड्रायव्हरसमोर वजा १२.

चना पेरायला अजून आठ दिवस आहेत. टी, म्हणजे बॉल ठेवायची छोटी खुंटी, थोडी उंच करून ड्रायव्हर परवापासून मारून राह्यलो, काल टेप लावला तं १८९ आले, यंत्र तेच १९६ म्हणते. पेरणीच्या आत अजून एक मोजणी घेतो.